सूचना : पावसाळाभर उभ्या असलेल्या गाड्यांसाठी

सर्व सभासदांना नमस्कार,

दसऱ्यानंतरच्या रविवारी माळशेजला निघायचंय. जूनपासून ताडपत्रीखाली असलेली गाडी कृपया थेट सेल्फ मारून काढू नका.

आधी टाकीचं झाकण उघडून वास घ्या. आंबट वाटलं तर पेट्रोल बदला. त्यातलं इथेनॉल आपल्या दमट हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी साचतं. एअर फिल्टरचा डबा उघडाच. गेल्या वर्षी माझ्या गाडीत उंदराने चिंध्यांचं घर केलं होतं, शेजारची वायरही कुरतडलेली. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा. टायरची हवा, चेनला तेल, पीयूसीची तारीख बघून घ्या.

ब्रेक सोसायटीच्या आवारातच हळू चालवून तपासा. शंका असेल तर गाडी आणू नका, कुणाच्या तरी मागे बसवून नेऊ.