विरजण आहे का?

नौपाडा, ठाणे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. वर अफगाणिस्तानातल्या बायकांची बातमी आणि खाली तुझ्या ऐरोलीच्या इमारतीतल्या मैत्रिणीला नवरा मारतो ते. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

डिसेंबर 2021मध्ये तालिबानने हुकूम काढला, की 72 किलोमीटरच्या पुढे बाईने जवळच्या पुरुष नातेवाइकाशिवाय जायचं नाही. मार्च 2022मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडता उघडता बंद झाल्या, डिसेंबरात विद्यापीठं आणि जुलै 2023मध्ये ब्युटी पार्लरं. कारणं काहीही सांगोत, बायकांनी एकमेकींपाशी घटकाभर बसायची उरलीसुरली जागाही गेली. तालिबानच्या पहिल्या राजवटीत हेरात शहरातल्या बायका शिवणाच्या नावाखाली जमायच्या, कारण शिवणाला बंदी नव्हती. पिशवीत वर कापड आणि दोरा, तळाशी वही-पेन. आत प्राध्यापक साहित्य शिकवायचे, गल्लीत पोरं खेळत पहारा द्यायची.

तुझ्या मैत्रिणीच्या घरातही क्रम तोच आहे बघ. आधी माहेरचे फोन कमी झाले, मग नोकरी सुटली, आता तुझं येणं खुपतं. म्हणून तू जात राहा. "सोडून दे त्याला" असं म्हणू नकोस. चार दिवसांनी तिने जमवून घेतलं, तर तुला तोंड दाखवायची तिला लाज वाटेल आणि ती आणखी एकटी पडेल. त्याला समजवायला तर मुळीच जाऊ नकोस. तुला किती माहीत आहे ते त्याला कळेल आणि मार तिला पडेल.

दोघींत खूण ठरवा, तीही समोरासमोर. तिने "विरजण आहे का?" विचारलं, की तू जाऊन बेल वाजवायची. "कढीपत्ता आहे का?" म्हणाली, तर थेट 112. बेल वाजवायला एकटी जाऊ नकोस, शेजारच्या काकूंना बरोबर घे. हातात वाटी असू दे आणि विरजण मिळेपर्यंत दारातून हलू नका. बाकी काही मेसेजवर लिहू नका. तिचं गूगल खातं नवऱ्याच्या लॅपटॉपवर उघडं असेल, तर फोटो आणि तिचा फोन कुठे आहे हेसुद्धा त्याला दिसू शकतं.

तिची एक पिशवी तुझ्या माळ्यावर राहू दे. तिचं आणि मुलाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या, रोजची औषधं, दोन दिवसांचे कपडे. शंभराच्या नोटांत दोन-तीन हजार ठेव, रात्री रिक्षावाल्याकडे सुटे नसतात. मूळ कागद एकदम हलवले तर त्याच्या लक्षात येईल, आधी झेरॉक्स ठेव. पोस्टात 500 रुपयांत बचत खातं उघडतं. खात्याला मोबाइल नंबर मात्र तिच्या स्वतःच्या नावावरचा हवा, नाहीतर ओटीपी नवऱ्याच्या हातात जातो.

मार लागला तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. बायका तिथे "घसरून पडले" म्हणतात. ते केसपेपरवर उतरतं आणि पुढे कोर्टात तेच आडवं येतं. कुणी, कशाने, कधी मारलं ते डॉक्टरांना लिहून घ्यायला सांगा. फोटो त्या दिवशी काढाच, पण दोन दिवसांनी वळ काळानिळा पडल्यावर परत काढा. एक चेहऱ्यासकट, एक जवळून. फोटो कापायचा नाही, ज्या फोनवर काढला तो विकायचा नाही. फोनमधला फोटो पुरावा म्हणून द्यायचा तर कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो फोन उपयोगी पडतो.

आता कायदा. फ्लॅट सासूच्या नावावर आहे म्हणून ती घाबरते ना? 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 17 तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतं. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ते या हक्कातून आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020मध्ये स्पष्ट केलंय. या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी तिची हकिकत ठरावीक नमुन्यात लिहून घेतात, त्याला डीआयआर, म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल म्हणतात. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केल्यावर तातडी दिसली, तर कलम 23खाली नवऱ्याला न ऐकताही संरक्षणाचा अंतरिम आदेश मिळू शकतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती तात्पुरती आपल्याकडे नौपाड्यात राहिली तर अर्ज ठाण्यातही करता येतो. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. 15100 लाव. महिला हेल्पलाइन 181.

सगळ्यात धोक्याचा दिवस निघण्याचा. ती हातातून सुटते आहे हे कळलं, की असा माणूस जास्त पिसाळतो. तो कामावर असताना निघायचं, मूल बरोबर घेऊनच. आधी बोलून दाखवायचं नाही, भांडणाच्या भरात तर नाहीच.

रविवारी येशील तेव्हा माझी निळी कापडी पिशवी घेऊन जा. दोन ब्लाउजपीस काढून ठेवलेत, ते वर घाल.

तुझी,
आई