फिजिओथेरपी विभागातील ताईंचे आभार

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात पसरलेल्या चिकुनगुनियाने मलाही गाठले. ताप लवकर उतरला, पण मनगटे आणि बोटे अशी धरली की सकाळी नळ फिरवणेही जमेना. ही सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळू शकते हे कुणी नीट सांगितले नव्हते. ‘वय झालं’ एवढेच ऐकून घेत होते. सरकारी रुग्णालयातील ज्या ताईंचे नावही विचारायचे राहून गेले, त्यांनी मात्र जेवणाची सुट्टी बाजूला ठेवून, कोमट पाण्यात माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात बुडवून बोटांची उघडझाप शिकवली आणि चिमटीवर जोर येऊ नये म्हणून माझ्या किल्लीला जाड पट्टी गुंडाळून दिली. दुखणे अजून आहे, थंडीत जरा जास्तच; तरी घराचे कुलूप आता मीच उघडते. ताई, मी आपली मनापासून आभारी आहे.