मॅडम, तुम्ही पट्टी लावून मोजलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या नवऱ्याच्या तोंडावर तुम्ही इलाज केलात म्हणून मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही डबा उघडूही दिला नाहीत. "माझे आभार मानायचे असतील तर खर्ऱ्याच्या ठेल्यावरच्या चार जणांना इकडे पाठवा," एवढंच म्हणालात आणि पुढच्या पेशंटला आवाज दिलात. मी सांगून पाहिलं. कुणी हसलं, कुणी "येतो न" म्हणून विसरलं. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. तुमचं आणि रुग्णालयाचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे.

राजुरा-बल्लारपूरच्या या कोळसापट्ट्यात खर्रा काय आहे हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला हातानं घोटघोट घोटतो आणि गाठ मारून देतो. पुण्या-मुंबईकडच्या गुटख्याच्या पुडीवर निदान आधी विंचू होता, मग सडलेल्या जबड्याचा फोटो आला. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदीही आली. आमची पन्नी मात्र कोरी. तिच्यावर ना फोटो, ना इशारा.

त्यात आमचे हे भूमिगत खाणीत. खाली वायूचा धोका असतो, म्हणून उतरताना झडती होते. काडेपेटी नाही, बिडी नाही. मग आठ तासांच्या पाळीत तोंडाला काय? गालात खर्रा. नवा पोरगा कामावर लागला की त्याला हेल्मेट, दिवा आणि खर्रा जवळजवळ एकाच आठवड्यात मिळतात. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त. २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे मात्र एकूण प्रौढांच्या फक्त ३.८ टक्के. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारून "इथून आत तंबाखू विक्रीस मनाई" लिहिणं, मुलांकडून शपथ वदवून घेणं, ही सगळी कामं माझ्याकडे. आणि घरी दाराच्या मागे खुंटीला टांगलेल्या शर्टाच्या खिशात तीन पन्न्या.

यांची सुरुवात तिखटापासून झाली. सावजी रस्सा म्हणजे जीव की प्राण असलेला माणूस साध्या वरणाच्या फोडणीनंही हाय-हुय करायला लागला. मेडिकलवाल्यानं बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल दिल्या. शहरातल्या एका खाजगी डॉक्टरनं टॉर्चसुद्धा न लावता तोंडात लावायचं जेल लिहून दिलं. मग पोळीचे तुकडे लहान होत गेले. लेकीच्या वाढदिवसाला फुगा फुगवेना. शिट्टी वाजेना. पाणीपुरी तर आडवी-उभी करूनही आत जाईना, तेव्हा हे स्वतःच हसले आणि पुरी तिथेच बशीत फोडून चमच्यानं खाल्ली.

तुमच्याकडे आलो ते दाढ दुखत होती म्हणून. तुम्ही म्हणालात, "आ करा भाऊ." यांनी केला. "अजून मोठा." "एवढाच होते मॅडम." दाढेपर्यंत तुमचं यंत्रच जाईना. तुम्ही ते बाजूला ठेवलंत, ट्रेमधली स्टीलची छोटी पट्टी घेतलीत आणि वरच्या-खालच्या समोरच्या दातांमधलं अंतर मोजलंत. बावीस मिलिमीटर. मग म्हणालात, "तुमचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून बघा." दोन बोटंही धड जाईनात. नंतर मला बोलावलंत, "वहिनी, तुम्ही करून दाखवा." माझी तीन बोटं सहज गेली. ते बघताना यांचा चेहरा कसा झाला हे तुम्ही पाहिलंत की नाही ठाऊक नाही. तुम्ही तेव्हा केसपेपरवर २२ लिहीत होतात.

मॅडम, या माणसाला घाबरवायचं काम आम्ही सगळ्यांनी करून झालं होतं. सासूबाईंनी देवाची शपथ घातली, मी मुलीची घातली, खाणीत कॅन्सरवर सिनेमा दाखवून झाला. "मरायचं तं सगळ्यांलेच आहे" हे उत्तर तयार असायचं. पण बावीसला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही मरणाबद्दल बोलतच नव्हतात, तुम्ही तोंड किती उघडतं ते सांगत होतात.

मग आरसा हातात देऊन तुम्ही गालाचा आतला भाग दाखवलात. गुलाबी असायला हवा तो पांढुरका, संगमरवरी झालेला. बोट फिरवलं की पट्टे हाताला लागतात, जुन्या चपलेच्या वादीसारखे कडक. सुपारीतलं अरेकोलिन नावाचं द्रव्य तिथल्या पेशींना तंतू बनवत सुटायला लावतं आणि सुपारीतलं तांबं ते तंतू एकमेकांत पक्के विणतं, म्हणून गाल ताणला जात नाही, हे तुम्ही समजावलंत. चुन्यानं अस्तर सोलवटतं आणि निकोटिन भराभर रक्तात उतरतं, म्हणून खर्ऱ्याची तलफ अशी घट्ट. या आजाराची, म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिसची, नोंद मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ सालीच केली होती, हेही तुमच्याकडूनच कळलं. आजार आपला, पाहणारा डॉक्टर आपला, आणि सत्तर वर्षांनी आमच्या ठेल्यावर कुणाला त्याचं नाव माहीत नाही!

यांनी लगेच वाट शोधली. "मंग मॅडम, साधी सुपारी चालते न? तंबाखू नाही टाकत त्यात." हा प्रश्न आमच्याकडे निम्मे लोक विचारतात आणि ठेलेवाला "हो" म्हणतो. तुम्ही नाही म्हणालात. हा आजार तर सुपारीचाच आहे, आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्ये नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतरची, पूजेच्या ताटातली, मुखवासाच्या डबीतली, सगळीच बाद. सासूबाईंना हे अजूनही पटलेलं नाही. त्यांच्या डबीवर माझा इलाज चालत नाही.

आता दारूचं. ते मी लिहावं की नाही यावर घरात बोलणं झालं, हे म्हणाले, "लिही, सगळ्यांले माहीत आहेच."

दाताची डॉक्टर दारूबद्दल कशाला विचारेल, असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, आणि "पिता का?" असं विचारलं नाहीत. "रोज किती?" असं विचारलंत. "एकच क्वार्टर, देशी." तुम्ही केसपेपरच्या मागं गणित मांडलंत. क्वार्टर १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ७७ मिली, वजनात ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक माप धरते. "भाऊ, एक नाही, रोज सहा झाली." खर्ऱ्यानं सोललेल्या अस्तरातून दारू आत मुरते आणि तंबाखूतलं विषही सोबत आत नेते, शरीरात दारूचं जे ॲसिटाल्डिहाइड बनतं ते स्वतःच कॅन्सरकारक, आणि दोन्ही एकत्र असली की तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो, हे सगळं तुम्ही त्याच कागदावर लिहून दिलंत. तो कागद आमच्याकडे आहे. लेक सातवीत आहे, तिनं गणित तपासलं, बरोबर निघालं.

त्यानंतर तुम्ही जे विचारलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. "सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? थोडी घेतली की थांबतात का?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. यांना एव्हाना जोर चढला होता. "उद्यापासून दोन्ही बंद मॅडम, खर्रा बी अन् दारू बी!" मला वाटलं, तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही पेन खाली ठेवून म्हणालात, "खर्रा आत्तापासून बंद. दारू घरी बसून एकदम बंद करायची नाही."

असं सांगणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. आमच्याकडे लोक श्रावण धरतात, महिनाभर शिवत नाहीत, आणि त्याचं कौतुक होतं. आमच्या गल्लीत एकाला श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी फिट आली. रात्रभर भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडत होता. लोक म्हणाले अंगात आलं, बाहेरचं आहे, लिंबू उतरवलं. तुम्ही सांगितलंत तेव्हा उलगडा झाला. वर्षानुवर्षं रोजच्या दारूला सरावलेल्या मेंदूची दारू अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. तंबाखू तोडताना चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं, पण त्यात जीवाला धोका नसतो. दोन्ही व्यसनंच, पण सोडवायची रीत वेगळी, हे मला शिक्षिका असूनही कोणत्याही शपथेच्या कागदावर वाचायला मिळालं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात यांची क्वार्टर बंद झाली नाही, महाग झाली. बंदी हवी की नको यावर ठेल्यावर अजून हाणामारीपर्यंत वाद होतात, त्यात मला पडायचं नाही. बंदीच्या आधी, बंदीत आणि बंदीनंतर, सकाळी हात थरथरतात का हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही चिठ्ठी देऊन यांना चंद्रपूरला पाठवलंत, वर तिथल्या डॉक्टरांना फोन केलात. भरती करून घेतलं, थरथर थांबवणाऱ्या गोळ्या आधी भरपूर आणि मग रोज कमी कमी, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. पण यकृत घट्ट झालेलं नव्हतं, आणि या टप्प्यावर दारू थांबली तर चरबी उतरते असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पायाच्या झिणझिण्या आम्ही खाणीतल्या ओलाव्यावर ढकलत होतो, त्याही दारूच्याच होत्या.

खर्ऱ्याचे पहिले दिवस घराचे वाईट गेले. ताट भिरकावून झालं, मुलगी आजीकडे झोपायला गेली. निकोटिनचा गम चावायला जबडाच साथ देत नव्हता, म्हणून तुम्ही निकोटिनचा पॅच लिहून दिला होतात, आणि १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर. तो नंबर यांनी मी नसताना लावला, हे मला फार उशिरा कळलं. तिकडची बाई मराठीत बोलली, रागावली नाही, याचंच यांना अप्रूप.

मग गालातली इंजेक्शनं. ती काय दुखतात हे मी बाहेर बाकावर बसून ऐकलं आहे. आणि आइस्क्रीमच्या काड्या! दातांमध्ये काड्यांची थप्पी धरायची, जमेल तशी एक-एक वाढवायची, दिवसातून चार वेळा. टीव्हीवर मॅच चालू, तोंडात काड्यांची थप्पी, आणि षटकार गेला की "ऊं ऊं" करून ओरडणारा नवरा, असं दृश्य आमच्या घरी रोजचं झालं. पाळीलाही हे काड्या घेऊन जायला लागले. झडतीवाल्यानं पहिल्यांदा अडवलं, काडीच्या नावानं त्याला भलतीच शंका आली.

आता तोंड एकतीस मिलिमीटर उघडतं. गालाचा तुकडा तपासायला पाठवला होता, त्यात कॅन्सर निघाला नाही. तुम्ही तेव्हाही पेढ्यांचं नाव काढू दिलं नाहीत. गाल पूर्वीसारखे कधीच होणार नाहीत, धोका कमी झाला आहे, संपलेला नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, हे तुम्ही जसं आहे तसं सांगितलंत. मध्ये एकदा मेहुण्याच्या लग्नात यांनी घेतली, तेही तुम्हीच विचारून काढून घेतलंत, आणि "परत चंद्रपूरला जाऊन या" एवढंच म्हणालात. लेक्चर मिळालं असतं तर हे पुन्हा तुमच्या दारात आले नसते, असं हे स्वतः म्हणतात.

तुमच्या खुर्चीपाशी रांग केवढी असते ते मी पाहिलं आहे. दाढ काढून, पाच मिनिटांत मोकळं करून पाठवलं असतंत तरी कुणी तुम्हाला विचारलं नसतं. त्या गर्दीत तुम्ही पट्टी काढलीत, गणित मांडलंत, फोन लावलात. मनापासून आभार.

आणि एक काम आहे. यांच्याच पाळीतला एक जण सोमवारी येतोय, यांनीच तयार केलं आहे. तोंड त्याचंही उघडत नाही. दारूचं विचाराल तर "सणासुदीला, थोडीशी" म्हणेल. पोळ्यापासून शिमग्यापर्यंत त्याचा सण संपतच नाही. तुम्ही रिकाम्या बाटल्यांचा हिशोब विचारा, बायको सोबत येणार आहे.

आपली कृपाभिलाषी,
खाण कामगाराची बायको आणि एक शाळामास्तरीण,
राजुरा तालुका, जि. चंद्रपूर