सईला या वाटेने येऊ दे

नंदुरबार

प्रिय मिलिंद,

सई एम.ए. झाल्यावर गरिबी आणि विस्थापन याच विषयात काम करायचं म्हणतेय, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. तुझी बापाची धास्ती समजते. पण या कामात पोट भरत नाही ही समजूत जुनी झाली. २०१९ मध्ये जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था यांनी मिळून कोपनहेगनला खास विस्थापितांच्या आकडेवारीचं केंद्र काढलं. छावणीतली माणसं कमावतात काय, पोरं शिकतात का, हे मोजायला अर्थतज्ज्ञ लागतात, हे उशिरा का होईना पटलं.

आकडा केवढा आहे बघ. २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं युद्ध, छळ, हिंसाचार यांमुळे घरादाराला मुकलेली होती. यात आपले धरणग्रस्त धरलेलेच नाहीत. कोयनेचे नाहीत, सरदार सरोवराने बाधित झालेल्या इथल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या ३३ गावांचेही नाहीत.

तळोद्याजवळच्या धरणग्रस्तांच्या एका पुनर्वसन वसाहतीत मी एका पावरा आदिवासी आजीला महिन्याचा खर्च विचारत होते. डोंगरात असताना बाजारातून काय आणायचात? मीठ, कापड, कधीमधी तेल. आणि आता? डाळ, भाजी, सरपण, बैलांचा चारा, सगळंच. नुसता रोख खर्च पाहिला तर आजीची परिस्थिती सुधारली असंच कुणीही लिहील! रानातून फुकट आणलेल्या लाकूडफाट्याची, मोहफुलांची किंमत धरायची सोय आपल्या पाहण्यांत आहे, नाही असं नाही. पण सातबाऱ्यावर कधी चढलीच नाही अशी कसलेली जमीन कुठे मांडायची? पेरणीला एकमेकांकडे राबणारी भावकी वेगवेगळ्या वसाहतींत पांगली, तिची किंमत काय लावायची? जागतिक बँकेतले समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांनी विस्थापनातून ओढवणारी आठ संकटं मांडली. भूमिहीन होण्यापासून माणसांची वीण उसवण्यापर्यंत. ही शेवटची गोष्ट मोजण्यात आम्ही अर्थशास्त्रवाले अजून फार कमी पडतो, आणि सईसारख्या पोरींनी नेमकं तिथे हात घालावा असं मला वाटतं.

पोरींनी म्हणते, त्यालाही कारण आहे. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांत झालेला तंटा सोडवणाऱ्या लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब धरलं, सज्ञान मुलीला नाही. कुटुंबाची तीच व्याख्या पुढे आमच्या पाहण्यांच्या याद्यांतही आली. मग घरात राहिलेली अविवाहित बहीण, माहेरी परतलेली लेक यांची गरिबी शोधायची तरी कुठून? कुटुंबप्रमुखाशी बोलून निघालं की त्या दिसतच नाहीत. चुलीपाशी जाऊन बसावं लागतं.

संख्याशास्त्र तिने कसून शिकावं, त्याला पर्याय नाही. जोडीला पावरी बोलायला शिकली तर मला दुभाषा शोधायला नको. दिवाळीनंतर महिनाभर पाठव इकडे. राहायची सोय माझ्याकडेच आहे. वहिनींना मी स्वतः फोन करते.

तुझी,
वैशाली