काकू, इयरफोन लावा

राजारामपुरीतल्या त्या लेकरास,

तुझं नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण आभार मला चार माणसांत मानायचेत.

माझी नजर गेली त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून माझी पत्रं दुसऱ्याच्या तोंडून. बँकेचं भाच्याच्या, विम्याचं शेजारच्या वहिनींच्या. गेल्या पावसाळ्यात गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट मेलवर आला, तो पुतण्यानं सोप्यात बसून मोठ्यानं वाचला. पाहुणे आले होते. रिपोर्ट चांगला निघाला, अंबाबाईची कृपा. पण माझ्या अंगातली गोष्ट मला आणि पाहुण्यांना एकाच वेळी कळली. ते मी कुणाला बोलले नाही.

म्हणून ते मेलचं ॲप घेतलं. त्यात साठवलेला मेल कंपनीलाही वाचता येत नाही, किल्ली आपल्याकडंच. उघडलं, तर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, म्हणतोय, "अनलेबल्ड, बटन." बोट उजवीकडं सरकवलं. "अनलेबल्ड, बटन." पाच बटनं, पाचही बिननावाची. त्यातलंच एक उत्तराचं, एक मेल पुसायचं. अंदाजानं दोनदा टॅप केलं आणि विम्याचा मेल कचऱ्यात गेला.

कंपनीच्या मदत विभागाला तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्ही वेळी उत्तर एकच, स्क्रीनशॉट पाठवा. मी आंधळी आहे हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. शिवाय त्यांचं ॲप सुरक्षेसाठी स्क्रीनशॉट काढूच देत नाही, हे त्यांनाच ठाऊक नाही? तिसऱ्यांदा आलं, घरातल्या डोळस व्यक्तीची मदत घ्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याला वाचायला लागू नये म्हणून तर सगळा खटाटोप चालला होता! टॉकबॅक 2009 पासून अँड्रॉइडवर आहे. आपल्याकडं 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. आणि तूच सांगितलंस, बटनाला नाव द्यायचं म्हणजे कोडमधली एक ओळ.

तू आलास त्या दिवशी मी सवयीनं फोन पुढं केला. आजवर ज्यानं मदत केली त्यानं आधी फोन हातातून घेतलाय, "द्या इकडं, मी करतो." तू म्हणालास, "राहू दे काकू, तुमच्याच हातात. ते काय बोलतंय तेवढं मला ऐकवा." मग एकेक बटन आपण दोघांनी ऐकलं. शेवटी एक मेल उघडून बघायची वेळ आली. तू टेबलावरचा इयरफोन माझ्या हातात ठेवलास, म्हणालास, "काकू, इयरफोन लावा," आणि उठून बाहेर गॅलरीत गेलास. दार लोटल्याचा आवाज मी ऐकला.

एकवीस वर्षांत माझा मेल सुरू होतोय म्हणून कुणी खोलीबाहेर गेलं नव्हतं रे. मी मेल ऐकलाच नाही. नुसती रडत बसले, आणि मी हाक मारेपर्यंत तू आत आला नाहीस.

पुढं तू कोडमध्ये काय केलंस, कुणाकडं पाठवलंस, ते मला फारसं कळलं नाही. त्या ॲपचा कोड खुला आहे, कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो, एवढं समजलं. तुझ्यासारखी माणसं भेटतात मला अधूनमधून. महाद्वार रोडवरचा फुलवाला सुट्टे देताना एकेक नोट हातावर ठेवतो, "ही वीसची मावशी, ही दहाची." केएमटीतला एक कंडक्टर मी विचारायच्या आत स्टॉपचं नाव घेतो. यांना कुणी शिकवलेलं नसतं. समोरच्याचं माणूसपण त्यांना आधी दिसतं, आंधळेपण नंतर.

परवा अपडेट आला. बोट ठेवलं, "उत्तर द्या, बटन." दोनदा ऐकलं, खात्रीसाठी नव्हे, बरं वाटलं म्हणून. गडहिंग्लजच्या बहिणीला मेल लिहिला, स्वतः. काल तिचं उत्तर आलं. पुतण्यानं विचारलं, काय म्हणतेय मावशी? मी म्हटलं, आमचं आमच्यात आहे.

रविवारी जेवायला ये. जिन्याची तिसरी पायरी हलतेय, जपून चढ.

तुझी काकू,
मंगळवार पेठ, कोल्हापूर