सैंधवातली ८४ आणि माझे एक

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला, आयोडीनयुक्त मीठ सोडून 'नैसर्गिक' सैंधव खा असे सांगणारा लेख वाचला. वाचला म्हणण्यापेक्षा भोगला. माझ्या आधी तो सूनबाईंनी वाचला, आणि मी फिरून येईपर्यंत ओट्यावरची मिठाची बरणी मोरीत रिकामी झाली होती. संध्याकाळी तिच्या जागी गुलाबी सैंधवाचे पाकीट आले. मी काही बोलण्याआधीच, "बाबा, पेपरात आलंय. त्यात ८४ खनिजं असतात." चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण घरात शब्द पुरवणीचाच चालतो. असो.

सूनबाईंना चौथा महिना आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमचे मूळ गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. माझ्या आत्याच्या गळ्याला लिंबापासून वाढत वाढत कवठाएवढा गलगंड झाला होता. कोरडी भाकर तिला गिळता येत नसे. ती दुधात कुस्करायची आणि तोंड भिंतीकडे करून खायची. घरात एकच फोटो आहे तिचा, त्यातही पदर हनुवटीपर्यंत ओढून मुठीत घट्ट धरलेला. आम्ही पोरे हसायचो. तिचा धाकटा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला ऐकू येत नसे, बोलता येत नसे, बाराव्या वर्षीही सदऱ्याची बटणे आत्याच लावून द्यायची. गावात कोणी ग्रहणाला दोष दिला, कोणी दैवाला. आईच्या पोटात असताना आयोडीन कमी पडले तर मूल असे जन्मू शकते, हे मला बी.एस्सी.च्या वर्गात कळले. त्या दिवशी डबा तसाच परत आणला होता.

घरात मीठ होते ना! चांगले खडे मीठ, मडकेभर. आपल्या लेखिकाबाईंच्या भाषेत 'नैसर्गिक, प्रक्रिया न केलेले'. आयोडीन तेवढे नव्हते त्यात. पावसाने धुपलेल्या डोंगरउताराच्या मातीतही ते फारसे उरत नाही, म्हणजे तिथल्या ज्वारीत नाही, भाजीत नाही. लेखिकाबाई मुंबईच्या असाव्यात. ताटात आठवड्यातून दोनदा समुद्राची मासळी असेल तर त्यांना आयोडीन त्यातूनही थोडेफार मिळेल. आमच्याकडे मासळी म्हणजे नदीची, तीही पावसाळ्यात.

आता त्या ८४ खनिजांविषयी. सैंधव म्हणजे जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा, साध्या शब्दांत गंजाचा. इंटरनेटवर फिरणाऱ्या त्या ८४च्या यादीत शिसे आणि आर्सेनिकही मोजलेले असते, तेही 'आरोग्यदायी' समजायचे काय? पाकिटावर हिमालयाचे बर्फाळ शिखर आहे. हे मीठ प्रसिद्ध झाले ते पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीमुळे. शिखर छापायला पैसे पडत नाहीत.

मोठ्या माणसाला दिवसाला आयोडीन लागते १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला २५०. सत्तर वर्षांचा हिशेब केला तर चार ग्रॅमही भरत नाही, म्हणजे जन्मभराचे मिळून चमचाभरही नाही. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत १५ ते ३० पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम, आयोडीन असायला हवे. पाच ग्रॅम मिठातून ७५ ते १५० मायक्रोग्रॅम पोटात जाते, बाकीचे दूध-अंड्यातून. मीठ कमी खा, हे लेखातले वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, त्याबद्दल आभार. पण कमी खायचे म्हणून त्यातले आयोडीनही काढून घ्यायचे, हा कुठला न्याय?

हे काही माझे खासगी मत नाही. वैद्यकीय संशोधक प्रा. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात हे करून दाखवले. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीन घातलेले मीठ, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत त्या दोन भागांतले गलगंड घटले. तिसऱ्यालाही मग तेच मीठ दिले. खाण्याच्या बिगरआयोडीन मिठावरची बंदी २००० साली केंद्राने उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा घातली. वाद एवढ्यावर संपायला हवा होता. पुरवणीत तो अजून चालू आहे.

रात्री मी शेजारी राहणाऱ्या 'आशा' आरोग्यसेविकेकडून मिठातले आयोडीन तपासायची बाटली मागून आणली. दोन बशा घेतल्या. एकीत शेजाऱ्यांकडचे पांढरे मीठ, दुसरीत आमचे नवे गुलाबी. प्रत्येकावर एकेक थेंब. पांढरे मीठ बघता बघता जांभळे झाले, म्हणजे त्यात आयोडीन होते. गुलाबी गुलाबीच राहिले. सूनबाई वाकून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण आज सकाळी बरणी पुन्हा भरलेली होती. सैंधव उपवासाच्या खिचडीसाठी ठेवले आहे. दोनशे वीस रुपये गेले ते गेलेच.

लेखिकाबाई कुठल्या विषयातल्या जाणकार, हे लेखाखाली छापलेले नाही. त्याच पानावर तांब्याच्या बाटल्यांची अर्ध्या पानाची जाहिरात आहे, ती मात्र सुवाच्य आहे. मागच्या वर्षी मी जुलाबात ओआरएसबरोबर लहान मुलांना झिंकच्या गोळ्या का देतात यावर पत्र पाठवले होते. गोष्ट एवढीशी, पण पोरांचे जीव वाचतात. आपण 'जागेअभावी' छापले नाही. हेही छापू नका हवे तर, पण पुरवणीत खुलासा द्या, आणि लेख जिथे होता त्याच जागी, त्याच टाइपात द्या.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, शिरपूर (जि. धुळे)

ता. क. शनिवारच्या शब्दकोड्यात 'लवण' या अर्थाचा दोन अक्षरी शब्द विचारला आहे आणि चौकोन तीन आहेत. कोडे कोण तपासते?