नागपूरच्या घरातले नेचे

पुणे, १२ एप्रिल

प्रिय मीना,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नव्या घराचं वाचून फार बरं वाटलं, आणि हॉलची मोठी खिडकी उत्तरेला आहे हे वाचून तर जास्तच. फर्न, म्हणजे आपले नेचे, ठेवायचे म्हणतेस, तर त्यांना लागणारा थेट ऊन नसलेला भरपूर उजेड तुला घरबसल्या मिळाला आहे. पण आत्ता एकही रोप आणू नकोस. एप्रिल-मेच्या नागपुरी हवेत नर्सरीतलं हिरवंगार रोप आठवड्यात करपेल आणि तुझा हिरमोड होईल. पाऊस चांगला सुरू झाला की घे. मग दमट हवेचे तीन-चार महिने मिळतात, तेवढ्यात रोप मूळ धरतं आणि पुढचा उन्हाळा सोसायची ताकद येते.

नागपुरात मी राहिले आहे, म्हणून ठामपणे सांगते: तिथे नेचा कोरड्या मातीपेक्षा कोरड्या हवेने जास्त मरतो. लोक पानांची टोकं तपकिरी झालेली बघतात आणि पाणी ओतत सुटतात. मुळं कुजतात, टोकं तपकिरी ती तपकिरीच. स्प्रेच्या बाटलीवरही फार विसंबू नकोस, फवारल्यावर काही मिनिटांत हवा होती तशी कोरडी होते. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या खेटून ठेव, एकीच्या पानांतून सुटणारा ओलावा दुसरीला मिळतो. आणि तुमच्याकडचा कूलर! वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा नेच्यांना मानवते. फक्त झोताच्या समोर ठेवू नकोस, त्याच खोलीत एका बाजूला ठेव. एसीची खोली मात्र नको, एसी हवेतला ओलावा काढून घेतो.

आता कोणते घ्यायचे. पहिला बोस्टन फर्न, नर्सरीत नुसतं ‘फर्न’ म्हटलं तरी बहुधा हाच किंवा याचा भाऊबंद हाती देतात. याचं मूळ रोप १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला पाठवलेल्या रोपांच्या खेपेत वेगळं म्हणून नजरेत भरलं आणि तिथून जगभर गेलं. याचाच एक भाऊबंद असा आहे की त्याच्या मुळांना गोट्यांसारखे पाणी साठवणारे गोल कंद असतात. नर्सरीवाल्याला पिशवीतली माती जरा बाजूला करून दाखवायला सांग. कंद दिसले तर डोळे मिटून तोच घे, नागपुरात तो जास्त चिवट निघेल.

दुसरा बर्ड्स नेस्ट. रुंद, चकचकीत, अखंड पानं आणि मधोमध घरट्यासारखा खळगा. पाणी कडेने मातीत घालायचं, त्या खळग्यात ओतायचं नाही, गाभा सडतो. नवं पान गुंडाळी सोडत असतं तेव्हा त्याला हातही लावू नकोस. ते इतकं कोवळं असतं की तेव्हा दुखावलं तर डाग जन्मभर राहतो. याचं पान उलटून बघशील तर शिरांच्या बाजूने तपकिरी रेघा दिसतील, कंगव्याने ओढल्यासारख्या समांतर. पहिल्यांदा पाहणारी माणसं कीड समजून औषध मारतात. ते बीजाणू असतात, नेच्याला फुलं-बिया नसतात, त्याचा वंश यातूनच चालतो. खरी खवले कीड कुठेही वेडीवाकडी बसते, देठांवरसुद्धा, आणि नखाने खरवडली की निघते.

अ‍ॅस्परॅगस फर्न मात्र टाळ. ते शतावरीच्या कुळातलं झाड आहे, नेचा नव्हेच. त्याला फुलं येतात, लाल फळं धरतात, आणि ती खाल्ली की मांजरांना उलट्या होतात. तुझी मनी घरभर हिंडते, म्हणून सांगितलं. वरचे दोन्ही तिच्यासाठी सुरक्षित आहेत.

हंसराज या नेच्याबद्दल तू मुद्दाम विचारलंस. काळ्या, केसासारख्या बारीक देठांवरची ती नाजूक पानं मलाही सगळ्यांत प्रिय आहेत. कोकणातल्या जुन्या विहिरींच्या आतल्या भिंतींवर तो आपणहून उगवतो, तिथे कायम ओल असते. नागपूरच्या उघड्या हॉलमध्ये तो टिकणार नाही, तिथे त्याला काचेतच ठेवावं लागेल. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांची अडचण तुझ्यासारखीच होती. गिरण्यांच्या धुराने त्यांच्या अंगणातले नेचे मरायचे. १८२९ साली त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीत घालून काचेच्या बंद बाटलीत ठेवला, तर त्या मातीतून नेचाच उगवला आणि पाणी न घालता काही वर्षं जगला. मातीतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. पुढे अशाच काचपेट्यांतून चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. तुझ्याकडे माशांची जुनी काचेची टाकी पडून आहे ना? तळाला खडे आणि कोळसा, वर माती, त्यात एक हंसराज, वर अर्धवट सरकवलेली काच. उन्हात मात्र अजिबात नको, आतल्या आत शिजेल. कधी चुकून वाळलाच तर टाकून देऊ नकोस. सगळे देठ मुळाशी कापून माती ओलसर ठेव, बहुतेक वेळा तो पुन्हा फुटतो.

माती भुसभुशीत हवी: कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, थोडं गांडूळखत, थोडे कोळशाचे तुकडे. नुसती काळी माती नको. खत फार कमी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा, सांगितलेल्याच्या निम्म्याने पातळ करून. पाणी बोट खुपसून बघून घालायचं, वरची माती सुकायला लागली की. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी याला घालू नकोस, त्यात क्षार जास्त साठलेले असतात आणि नेच्याची मुळं ते सोसत नाहीत. एसीच्या नळीचं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

मांडणीचं म्हणशील तर बोस्टन उंचावरच शोभतो. उंच स्टँडवर किंवा टांगून ठेव, म्हणजे पानं चारही बाजूंनी कमानीने खाली येतील. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरव, नाहीतर उजेडाच्या बाजूलाच दाट होतो. बर्ड्स नेस्ट खाली, पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर, वरून बघता येईल असा. तुझ्या आजीचं पितळी घंगाळ आहे ना, त्यात प्लॅस्टिकच्या कुंडीसकट ठेवून बघ. तळाशी पाणी साचलं की ओतून टाकायचं. मागे साधी भिंत असू दे, फुलाफुलांच्या पडद्यापुढे या पानांचा आकारच हरवतो.

आणि महाबळेश्वर-आंबोलीला गेलीस तर तिथून उपटून आणू नकोस. झाडांच्या खोडावर वाढणारा बाशिंग नावाचा नेचा कितीही मोह घालो, तो तिथल्या धुक्यावर आणि खोडावरच्या ओल्या शेवाळावर जगतो. शिवाय मूळ निघालं की ती जागा उघडी पडते.

जुलैत आमच्याकडचं कुणी नागपूरला येणार असेल तर माझ्या बोस्टनची दोन फुटवी पाठवते, ओल्या गोणपाटात गुंडाळून. त्याआधी खिडकीचा एक फोटो दुपारी बाराला काढून पाठव, ऊन आत किती येतं ते बघते.

आईंना नमस्कार सांग.

तुझी,
शैला